वांगावर लिंबू चोळा म्हणे!

आमच्या जळगावच्या फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज परत फिरतोय. गरोदरपणात तोंडावर वांग, म्हणजे काळपट डाग, आले म्हणजे रक्त खराब झालं, लिंबू-सोडा चोळा, नाहीतर मेडिकलवरून वांगाची ट्यूब आणा, बाळाला काही होत नाही, अंगावर पाजतानाही चालते.

रक्ताचा काही संबंध नाही हो. इस्ट्रोजन-प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स वाढली की कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी जोर करतात, मग गालावर, कपाळावर, ओठाच्या वर डाग, पोटावरची काळी रेघही त्यातलीच. बऱ्याच जणींचे बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिके होतात, काहींचे राहतात.

लिंबू तर नकोच. रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे आणखी काळा डाग राहतो, अन् आपल्याकडे मे महिन्यात ऊन कसं असतं ते सांगायला नको.

आता ट्यूब. माझ्या वहिनीला सातव्या महिन्यात एक मावशी म्हणाल्या, "तोंड कितलं काळं पडनं वं माय!" आणि स्वतःची अर्धी वापरलेली, खालून गुंडाळत आणलेली ट्यूब देऊन गेल्या. बारीक अक्षरं मोबाईलवर फोटो काढून मोठी करून वाचली, तर हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनोइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. पहिलं कातडीतून एक तृतीयांशाहून जास्त शरीरात उतरतं म्हणून डॉक्टर गरोदरपणात टाळतात, दुसरं व्हिटॅमिन ए च्या कुळातलं, तेही नको, तिसरं स्टिरॉइड, तोंडावर महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ आणि लाल होते. चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते ही ट्यूब, पण मागितली की मिळते. वहिनीने आठ दिवस लावली होती, डॉक्टर म्हणाले बंद करा, घाबरू नका.

त्याहून वाईट म्हणजे लेबल नसलेल्या गोरेपणाच्या डब्या, काहींत पारा असतो, तो वारेतून बाळापर्यंत जातो आणि दुधातूनही. पाजणारीने छातीला कसलीच उजळायची क्रीम लावू नये, बाळाचं तोंड तिथेच असतं ना, आणि स्तनाग्रांभोवतीचा भाग काळा होणं नॉर्मलच आहे.

मग लावायचं काय? झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, त्यातही रंगीत असलेलं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेडही अडवतं आणि वांग त्यानेही वाढतो. फारच वाटलं तर डॉक्टरांना विचारून अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडची क्रीम.

बाळाचा रंग आईबापाकडून येतो, त्यामुळे केशर-दूध वहिनी निव्वळ चवीसाठी पिते. कपडे वाळत घालायला गच्चीवर जाताना मात्र स्कार्फ आणि वर दादाची क्रिकेटची टोपी, सासू हसते, हसू दे.