व्यायामात जळालेली प्रत्येक कॅलरी परत खावी का?

वजन कमी करू पाहणाऱ्यांमध्ये एक संदेश सातत्याने फिरत असतो. त्याचा आशय असा : मोबाईलवरील ॲपने रोजच्या खाण्याचे उद्दिष्ट ठरवतानाच वजनघटीसाठी लागणारी तूट, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाल्लेल्या कॅलरी, धरलेली असते, म्हणून व्यायामात जितक्या कॅलरी जळाल्याचे मनगटावरील घड्याळ दाखवते, तितक्या त्याच दिवशी परत खाल्ल्याच पाहिजेत. तसे न केल्यास तूट प्रमाणाबाहेर वाढते, शरीर ‘उपासमारीच्या अवस्थेत’ जाते, चयापचय मंदावून वजन घटायचे थांबते आणि चरबीऐवजी स्नायू झिजतात. हा सल्ला ठाम आहे, अमलात आणायला सोपा आहे आणि भुकेल्या माणसाला हवे तेच सांगणारा आहे, त्यामुळे तो पसरला यात नवल नाही. त्यातील विधाने मात्र एकाच पारड्यात टाकता येत नाहीत. काही अर्धी खरी आहेत, एक साफ चुकीचे आहे आणि एक अगदी थोड्या लोकांना, पण त्यांना मात्र पूर्णपणे, लागू पडते.

तूट आधीच धरलेली असते, हे पहिले विधान. रोजचा खर्च काढण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत आणि या विधानाचा खरेखोटेपणा त्यांपैकी कोणती वापरली यावर ठरतो. पहिल्या पद्धतीत व्यायाम वगळून केवळ दैनंदिन हालचालींचा खर्च धरतात, त्यातून तूट वजा करतात आणि व्यायाम झाला की तो वेगळा मिळवतात. या पद्धतीत व्यायामाचा काही भाग परत खाणे तर्काला धरूनच आहे. दुसऱ्या पद्धतीत विश्रांतीच्या अवस्थेतील खर्चाला हालचालीच्या पातळीनुसार एका गुणकाने गुणतात : बैठ्या माणसासाठी १.२, आणि आठवड्यातून तीन ते पाच दिवस मध्यम व्यायाम करणाऱ्यासाठी १.५५. विश्रांतीचा खर्च १,५०० कॅलरी असेल तर पहिल्या गुणकाने १,८०० आणि दुसऱ्याने २,३२५ येतात. मधल्या ५२५ कॅलरींत व्यायाम आधीच मोजला गेला आहे. स्वतःला ‘मध्यम सक्रिय’ म्हणून नोंदवायचे आणि वर घड्याळावरच्या ४०० कॅलरीही परत खायच्या, म्हणजे एकच कमाई दोनदा जमेस धरणे होय. संदेशात या फरकाचा उल्लेखही नसतो, आणि ‘सगळे नियमाप्रमाणे करूनही वजन हलत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथेच सापडते.

दुसरे विधान घड्याळाच्या आकड्याविषयीचे आहे, आणि माझ्या मते सबंध सल्ल्याचा सर्वांत कच्चा दुवा तोच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावर बांधायची सात उपकरणे ६० स्वयंसेवकांवर तपासली. हृदयाचे ठोके मोजण्यात सातांपैकी सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. ऊर्जेचा खर्च मोजण्यात मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाची मध्यक चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के निघाली. उपकरणे त्यानंतर बदलली असली तरी मूळ अडचण कायम आहे. मनगटावरचे यंत्र ऊर्जा मोजत नाही. ठोके, हालचाल, वय, वजन आणि लिंग यांवरून ते तिचा अंदाज बांधते. वजने उचलताना ठोके वाढतात, पण ऑक्सिजनचा वापर त्याच प्रमाणात वाढत नाही. उकाड्यात, चहा-कॉफीनंतर किंवा मानसिक ताणाखालीही ठोके वाढतात, त्यामुळे अंदाज बिघडायला भरपूर वाव राहतो. व्यायामशाळेतील काही यंत्रे तर वापरणाऱ्याचे वजनही विचारत नाहीत. तरीही ती कॅलरींचा नेमका आकडा दाखवतात तेव्हा तो नक्की कोणाच्या शरीराचा हिशेब असतो, हा प्रश्नच आहे.

आकडा अचूक आहे असे घटकाभर मानले, तरी त्याचा अर्थ लावताना आणखी एक चूक होते. व्यायामाच्या वेळातला जो खर्च दाखवला जातो, तो बहुधा एकूण खर्च असतो. व्यायाम केला नसता तरी त्या वेळात शरीराने जे खर्च केलेच असते, तेही त्यात मिळवलेले असते. ७० किलो वजनाची व्यक्ती ताशी पाच किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने तासभर चालली, तर प्रचलित कोष्टकांप्रमाणे हा व्यायाम विश्रांतीच्या सुमारे साडेतीन पट धरला जातो, आणि विश्रांतीचा खर्च दर किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी असतो. हिशेब २४५ कॅलरींचा होतो. पण त्यांतल्या ७० कॅलरी खुर्चीत बसूनही खर्च झाल्याच असत्या आणि दिवसाच्या मूळ उद्दिष्टात त्या आधीच धरलेल्या आहेत. चालण्याने खरी भर पडली ती १७५ कॅलरींची. परत खायच्याच असतील तर फार तर तेवढ्या खाता येतील.

ही भरही शेवटपर्यंत पूर्ण टिकेल याची खात्री नसते. द्विचिन्हित पाणी ही पद्धत, म्हणजे समस्थानिकांनी चिन्हांकित केलेले पाणी पिऊन दैनंदिन जीवनातला एकूण खर्च मोजण्याची पद्धत, वापरून जमवलेल्या १,७५४ प्रौढांच्या नोंदींचे विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याप्रमाणे वाढलेल्या हालचालीचा सरासरी ७२ टक्के भागच दिवसाच्या एकूण खर्चात दिसतो. उरलेल्या २८ टक्क्यांची भरपाई शरीर इतर कामांवरचा खर्च घटवून करते, आणि लठ्ठ व्यक्तींत ही भरपाई आणखी जास्त आढळते. हे प्रमाण सरासरीचे आहे आणि मुख्यतः वेगवेगळ्या व्यक्तींच्या तुलनेतून निघालेले आहे, त्यामुळे एका माणसाच्या एका दिवसाला ते जसेच्या तसे लावणे योग्य नाही. तरीही अंदाज घेण्यापुरते लावून पाहिले, तर वरच्या १७५ कॅलरींच्या साधारण १२५ उरतात. संदेशाचे पालन करणारा माणूस मात्र त्या दिवशी २४५ कॅलरी जास्त खाणार आहे, आणि घड्याळाने वाढवून सांगितले असेल तर त्याहूनही अधिक.

खाण्याच्या बाजूचा हिशेब तरी नेमका असतो का? ओटावा विद्यापीठात झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात सामान्य वजनाच्या स्त्री-पुरुषांना ठरावीक व्यायाम करायला लावून किती कॅलरी जळाल्या असाव्यात असे विचारले गेले. त्यांचे अंदाज प्रत्यक्षाच्या तिप्पट-चौपट निघाले. पुढे, जळाल्या तेवढ्याच कॅलरींचे अन्न समोरच्या पदार्थांतून निवडून खायला सांगितल्यावर त्यांनी दुप्पट-तिप्पट खाल्ले. १९९२ मधील एका प्रसिद्ध अभ्यासात ‘कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या लठ्ठ व्यक्तींनी आपले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी आणि हालचाल ५१ टक्के जास्त नोंदवल्याचे आढळले होते. यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. नजरेने अंदाज घेणाऱ्या कोणाचेही असेच होते. सल्ल्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की दोन्ही चुका एकाच दिशेने जातात आणि तूट दोन्हीकडून पोखरतात.

आता उपासमारीच्या अवस्थेबद्दल. खाणे कमी केले की शरीराचा खर्च काही प्रमाणात घटतो, हे निर्विवाद आहे. शरीर लहान झाल्याने तो घटतो, नकळत होणारी हालचाल कमी झाल्याने घटतो, आणि या दोहोंनी स्पष्ट होत नाही इतकी थोडी जास्तीची घटही दिसते. अमेरिकेतील वजनघटीच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा विश्रांतीचा खर्च सहा वर्षांनंतरही अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे टोकाचे उदाहरण असले तरी दुर्लक्षिण्याजोगे नाही. पण खर्च कमी होणे वेगळे आणि तूट असूनही वजन न घटणे वेगळे. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये संशोधक ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचा आहार रोज सुमारे १,६०० कॅलरींचा होता आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे होते. ते चालणे ‘परत खाण्याची’ सोय अर्थातच नव्हती. त्यांचा चयापचय पुष्कळ खाली आला, ते खंगले, चिडचिडे झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, आणि तरीही त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्यांच्या तुलनेत कितीतरी सौम्य तूट असलेल्या माणसाचे वजन संध्याकाळची धाव परत न खाल्ल्यामुळे थांबते, या म्हणण्याला कोणताही आधार उरत नाही.

मग ‘व्यायाम सुरू केला आणि काटा थांबला’ असा अनुभव अनेकांना का येतो? बहुतेक वेळा कारण पाणी असते. नव्या व्यायामाने स्नायूंना सूज येते आणि तीत पाणी धरले जाते. स्नायू ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या कर्बोदकाचा, साठा वाढवतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठते. मासिक पाळीच्या चक्रातही वजन एक-दोन किलोंनी सहज हलते. आठवडाभरात घटलेली अर्धा किलो चरबी या चढउताराखाली झाकली जाते. अशा वेळी कोणी जास्त खायला सांगितले आणि योगायोगाने पुढच्या आठवड्यात पाणी उतरले, तर श्रेय जास्तीच्या खाण्याला मिळते आणि संदेशाला आणखी एक साक्षीदार लाभतो.

स्नायू झिजण्याची भीती निराधार नाही, पण तिच्यावर सांगितलेला उपाय चुकीचा आहे. तुटीत स्नायू टिकतात की नाही हे मुख्यतः प्रथिने किती मिळतात आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम होतो की नाही यावर अवलंबून असते. तुटीचा आकार त्यानंतर येतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१६ मधील एका अभ्यासात ४० तरुण पुरुषांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी ऊर्जा देऊन कठोर व्यायाम करवला गेला. ज्यांना दर किलो वजनामागे रोज २.४ ग्रॅम प्रथिने मिळाली त्यांचे चरबीरहित वजन सरासरी १.२ किलोने वाढले, १.२ ग्रॅम मिळालेल्यांचे जवळपास तेवढेच राहिले. हे सारे तरुण होते आणि चार आठवडे म्हणजे फार काळ नव्हे, हे खरे. पण एवढ्या मोठ्या तुटीतही स्नायू विरघळले नाहीत. चालून आल्यावर घड्याळाच्या आकड्याइतके गोड खाल्ल्याने स्नायूंचे रक्षण होते, असे मात्र कोणत्याच अभ्यासातून निघत नाही.

इथवर वाचून उलट टोकाचा संदेश, म्हणजे ‘व्यायामाच्या कॅलरी कधीच परत खाऊ नका’, बरोबर वाटू लागेल. तो अधिक धोकादायक आहे. क्रीडावैद्यकात उपलब्ध ऊर्जा म्हणून एक माप वापरतात : दिवसाच्या खाण्यातून व्यायामाचा खर्च वजा करायचा आणि बाकीला चरबीरहित वजनाने भागायचे. तरुण निरोगी स्त्रियांवरील २००३ च्या एका प्रयोगात हे माप दर किलोमागे ३० कॅलरींच्या खाली गेल्यावर अवघ्या पाच दिवसांत पुनरुत्पादनाशी निगडित संप्रेरकाची लय बिघडलेली दिसली. ही रेषा सर्वांना सारखी लागू होत नाही, पण इशारा म्हणून उपयोगी आहे. ६० किलो वजनाच्या, ४५ किलो चरबीरहित वजनाच्या स्त्रीने १,५०० कॅलरी खाल्ल्या आणि ६०० व्यायामात घालवल्या, तर बाकी ९०० ला ४५ ने भागून २० येतात. हे महिनोन्महिने चालले तर पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, हाडे ठिसूळ होणे, वारंवार आजारी पडणे आणि दुखापती बऱ्या न होणे असे परिणाम संभवतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या समूहाला क्रीडापटूंमधील सापेक्ष ऊर्जान्यूनता असे नाव दिले, आणि तो पुरुषांतही आढळतो. अशा व्यक्तीने परत खायलाच हवे, आणि तेही संकोच न करता. धावण्याचा खर्च ढोबळपणे दर किलो वजनामागे दर किलोमीटरला एक कॅलरी असतो. ६५ किलोचा माणूस २० किलोमीटर धावला तर १,३०० कॅलरी गेल्या. त्यातले काहीच परत न खाणे म्हणजे पुढच्या दिवसांचा सराव आणि बहुधा संध्याकाळचा संयम दोन्ही घालवणे. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा झपाट्याने उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी तर व्यायामाभोवतीचे खाणे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. तिथे प्रश्न वजनाचा नसून त्या तासाभरातील सुरक्षिततेचा असतो.

रोज अर्धा-पाऊण तास चालणाऱ्या किंवा आठवड्यातून तीनदा व्यायामशाळेत जाणाऱ्या बहुसंख्यांसाठी घड्याळाकडे न पाहता हिशेब करण्याचा मार्ग उपलब्ध आहे. आठवड्याचा नेहमीचा व्यायाम धरून खाण्याचा एकच आकडा ठरवावा, तो रोज सारखा ठेवावा, वजन रोज घ्यावे आणि आठवड्यांच्या सरासऱ्यांची तुलना करावी. नवा व्यायाम सुरू केल्यानंतरचा पहिला पंधरवडा पाण्यामुळे सोडून द्यावा. पुढच्या २८ दिवसांत नोंदीप्रमाणे रोज १,८०० कॅलरी खाऊन १.२ किलो वजन घटले, तर दर किलो चरबीला सुमारे ७,७०० कॅलरी धरून ९,२४० कॅलरींची तूट झाली, म्हणजे रोज ३३०. नोंदवहीच्या भाषेत या व्यक्तीचा खर्च २,१३० कॅलरी आहे. ही व्यक्ती प्रत्यक्षात १,८०० ऐवजी २,००० खात असली तरी फरक पडत नाही. मोजण्यातली चूक रोज सारखीच असेल, तर तीही या आकड्यात सामावली जाते. व्यायामही त्यात आहे, त्याची भरपाईही आहे, त्यामुळे परत खाण्याचा वेगळा प्रश्न उरत नाही. घट आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याहून जास्त वेगाने होत असेल, झोप उडाली असेल किंवा व्यायामातला जोर ओसरत असेल, तर रोज १५० ते २०० कॅलरी वाढवाव्यात आणि पुन्हा तीन-चार आठवडे पाहावे. व्यायामाचे वेळापत्रक बदलले, किंवा वजन पाच-सहा किलोंनी उतरले, की हा हिशेब नव्याने करावा लागतो.