गाडी परत आणून लावली, म्हणून चोरी टळत नाही

आमच्या यवतमाळकडच्या गावांत मोबाइलवर एक मजकूर फिरतो: ‘दुसऱ्याची गाडी न विचारता नेली आणि परत आणून लावली, तर ती चोरी नसते, फार तर दंड होतो, आणि गाडी आपल्याच नावावर असेल, तर चोरीचा प्रश्नच येत नाही.’ ऐन कापूस वेचणीत धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे शेतांच्या बांधांवर, चावीसकट दुचाकी उभ्या असतात; अशा वेळी हा सल्ला पोरांना थेट ठाण्यात पोचवेल.

पहिला दावा इंग्लंडच्या कायद्याला शोभणारा आहे. तिथल्या 1968 च्या कायद्यात चोरीसाठी वस्तू कायमची हिरावण्याचा हेतू लागतो, म्हणून विनापरवानगी वाहन नेण्याचा गुन्हा निराळा आहे. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये ‘कायमची’ ही अट नाही. ताबा असलेल्याच्या संमतीविना, अप्रामाणिक हेतूने वस्तू हलवली की चोरी झाली. जोधपूरच्या हवाई दल अकादमीतील छात्र मेहरा याने 1952 मध्ये परवानगी नसताना विमान पाकिस्तानात नेले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच सांगितले की तात्पुरते नेणेही चोरी ठरते.

दंडाची गोष्ट अर्धीच खरी आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 197 खाली विनापरवानगी वाहन नेल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मात्र विचारले असते तर मालकाने होकारच दिला असता, असे नेणाऱ्याला रास्तपणे वाटत होते हे न्यायालयाला पटले, तर त्याला दोषी ठरवता येत नाही. शेजारच्या वावरात साप चावलेल्या मजुराला ग्रामीण रुग्णालयात नेण्यासाठी धुऱ्यावरची दुचाकी उचलणाऱ्याला हे संरक्षण आहे, आणि ते असलेच पाहिजे. पण मालकाने नाही म्हटल्यावरही रात्री त्याची मालवाहू गाडी काढून, जिनिंगवर कापसाच्या खेपा टाकून भाडे खिशात घालणाऱ्याचा हेतू अप्रामाणिकच आहे. पहाटे गाडी जागेवर लावल्याने तो बदलत नाही. शिवाय मालवाहू किंवा प्रवासी वाहनाच्या चोरीला कलम 305 प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद आहे.

राहिला नावाचा मुद्दा. चोरी ताब्याविरुद्ध होते, आणि कायद्यानेच घड्याळाच्या दृष्टांतातून हे समजावले आहे: दुरुस्तीचे पैसे थकले म्हणून कारागिराने हक्काने अडवून ठेवलेले स्वतःचे घड्याळ मालकाने अप्रामाणिकपणे काढून नेले, तर ती चोरी. गॅरेजवाल्याचे बिल बुडवण्यासाठी रात्री आपलाच ट्रॅक्टर ढकलत बाहेर काढणाऱ्याला आरसी बुक वाचवणार नाही. बिल थकलेलेच नसेल, तर मात्र ती चोरी नव्हे.