आवाज कमी केला, तिथेच फसलो

मालिका दोघांनी मिळून बघायची, एकट्यानं एक भागही पुढे जायचं नाही, असा आमच्या घरात तह आहे. तो मी मोडला. पण सहावा भाग संपला कुठे, तर नायकाच्या गाडीखालून एक हात बाहेर येतो आणि पडदा काळा. त्यावर बायको "उद्या बघू" म्हणाली आणि पाच मिनिटांत झोपलीसुद्धा. अशा ठिकाणी झोप येणारी माणसं मला पहिल्यापासून संशयास्पद वाटतात.

मी मोबाइल घेतला, कानात इअरफोन खुपसले आणि पांघरुणात शिरलो. सतराव्या मिनिटाला गाडी उडाली. पांघरुणात, इअरफोनमधून, पूर्ण आवाजात. माझ्या तोंडून निघालेल्या आवाजाचं मी खोकल्यात रूपांतर केलं. ती नुसती कूस बदलून पुन्हा घोरू लागली.

खरी मोहीम पुढे होती. ॲपमध्ये सातव्या भागाखाली लाल रेघ काठोकाठ भरली होती. १९६६ साली सुरू झालेल्या एका अमेरिकन हेरमालिकेत कामगिरीचा निरोप देणारी टेप पाच सेकंदांत आपली आपण नष्ट व्हायची. माझी रेघ पुसायला पाऊण तास लागला. आधी अख्खी मालिकाच यादीतून गेली. ती शोधून आणली तर पहिल्या भागापासून सुरू. शेवटी सहावा भाग पुन्हा लावून शेवटपर्यंत पळवला. पडद्यावरचे हेर असली कामं कधी करताना दिसत नाहीत. त्यांना टक्सिडो असतो.

मुळात पडद्यावरचा गुप्तहेर गुप्त असतो तरी कुठे? जेम्स बाँड शत्रूच्या जुगारअड्ड्यात शिरतो आणि आधी आडनाव, मग पूर्ण नाव, तेही खरं, सांगून मोकळा होतो. बाँडला जन्म देणारा लेखक इयान फ्लेमिंग स्वतः ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता. १९५३ साली पहिली कादंबरी आली, तिच्यासाठी त्याला अगदी मिळमिळीत नाव हवं होतं. म्हणून त्यानं वेस्ट इंडिजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका पक्षितज्ज्ञाचं नाव उचललं. आता ते मिळमिळीत नाव शेंबडं पोरही सांगतं. आणि ज्या एमआय सिक्स या ब्रिटिश हेरसंस्थेची बाँड नोकरी करतो, ती खरी संस्था निघाली १९०९ साली आणि कायद्याच्या कागदावर आली १९९४ साली. पंच्याऐंशी वर्षं! माझं गुपित एकोणीस तास टिकलं.

दुसऱ्या रात्री सातवा भाग लावला. चेहऱ्याची तालीम मी आंघोळ करताना करून ठेवली होती. गाडीखालचा हात दिसल्यावर "अरे, हा कोण?" असं मी मोजून दोनदा म्हणालो. फितूर कोण यावर एक चुकीचा अंदाजही केला, तोही जरा हुज्जत घालून. ती शेंगा सोलाव्यात तशी शांतपणे टीव्ही बघत होती.

भाग संपल्यावर म्हणाली, "स्फोटाच्या आधी तू आवाज कमी केलास."

"कधी?"

"आधी. गाडीला किल्लीसुद्धा लावली नव्हती त्यानं."

रिमोट माझ्याच हातात होता. जॉन ल कारे हा लेखक खरोखरच हेरखात्यात नोकरी करून आलेला. त्याचा नायक जॉर्ज स्मायली बुटका, जाडा, चष्मेवाला आणि बायकोनं फसवलेला आहे. सोव्हिएत फितूर हुडकणाऱ्या माणसाचीही घरात अशी गत, हे फक्त आतला माणूसच लिहू शकतो. आमच्याकडे फसवणारा मी होतो, तरी हरलोही मीच.

चौकशी झालीच नाही. दिव्याचा झोत नाही, खुर्चीला बांधणं नाही. ती "बरं" म्हणाली आणि उठली. पडद्यावर छळाचे इतके प्रकार बघितलेत, पण या "बरं"ची बरोबरी करणारा एकही नाही.

सकाळी ॲप उघडलं तर चार आकडी पिन मागायला लागलं. सिनेमात अशा वेळी नायक क्षणभर डोळे मिटतो आणि खलनायकाच्या मुलीची जन्मतारीख दाबतो, तिजोरी उघडते. मीही डोळे मिटले आणि आमच्या लग्नाची तारीख आणि महिना दाबला. पिन चुकीचा. पुन्हा दाबला. पुन्हा चुकीचा.

"लग्नाची तारीख आहे," ती आतून म्हणाली.

मी तीच तर टाकली होती.