राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या नर्सिंगबद्दलचा तो मेसेज

"राणी चन्नम्मा विद्यापीठ नर्सिंगच्या जागा वाढवणार, पुढच्या वर्षी खानापूरच्या खेड्यापाड्यात नर्सच नर्स" असा मेसेज आपल्या ग्रुपवर फिरतोय, तो चुकीचा आहे बघा. हे बेळगावचं विद्यापीठ 2010 चं, बीए-बीकॉम वगैरेचं. कर्नाटकात नर्सिंग कॉलेजं संलग्न असतात ती बेंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाला, 1996 पासून. अभिमत (डीम्ड) आणि खाजगी विद्यापीठं तेवढी वेगळी. आणि समजा जागा आजच वाढल्या तरी बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचं, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) 3 वर्षांचं, शिवाय पोरींना शिकायला पेशंट असलेलं हॉस्पिटल लागतं, शिकवणारे लागतात, मग पुढच्या वर्षी नर्स येणार कुठनं? आणि शिकून झाल्यावर जंगलातल्या गावात राहायला क्वार्टर नसेल तर ती पुण्यालाच जाणार की, तिचं तरी काय चुकलं! तेव्हा या मेसेजवर विश्वास ठेवून प्रवेशाच्या फॉर्मसाठी कुणाला पैसे देऊ नका.