इंटरकूलरला काळं फासून काय मिळतं?

टर्बो इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो, आणि दाबल्याने तापलेली ती हवा इंजिनात शिरण्याआधी थंड करणारा जाळीदार डबा म्हणजे इंटरकूलर. टर्बो गाड्या बाळगणाऱ्या मंडळींत त्याच्याबद्दल एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा मजकूर साधारण असा: "इंटरकूलर मॅट काळ्या रंगाने रंगवा. काळा रंग उष्णता सगळ्यात जास्त बाहेर टाकतो. इंजिनात जाणारी हवा पाच ते दहा अंशांनी थंड होते. रेडिएटर काळे असतात, हीट सिंक (इलेक्ट्रॉनिक भागांची उष्णता बाहेर नेणारे धातूचे पंखेदार तुकडे) काळे असतात, एसआर-७१ हे अमेरिकेचं हेरगिरीचं विमानसुद्धा काळंच होतं. खर्च फक्त एका स्प्रे कॅनचा."

हा सल्ला एवढा टिकला, कारण तो शाळेत शिकलेल्या विज्ञानासारखा ऐकू येतो. वहन, अभिसरण आणि प्रारण हे उष्णतेचे तीन मार्ग आपण पाठ केलेले असतात. त्यातल्या प्रारणाला काळा पृष्ठभाग मदत करतो, हेही आठवत असतं. विसरलेलं असतं ते एवढंच, की इंटरकूलरमध्ये या तिघांपैकी खरं काम कोण करतं.

तेव्हा पहिला मुद्दा, "काळ्या रंगाने पाच ते दहा अंशांचा फरक पडतो." याचा हिशेब अर्ध्या पानात बसतो.

साधारण २०० अश्वशक्तीचं पेट्रोल टर्बो इंजिन घ्या. पूर्ण जोर लावल्यावर ते सेकंदाला सुमारे १५० ग्रॅम हवा ओढतं. बाहेर ३० अंश सेल्सियस तापमान आहे आणि टर्बो हवेचा दाब दुप्पट करतो आहे, असं धरू. दाबल्यामुळे हवा तापते, आणि टर्बो काही शंभर टक्के कार्यक्षम नसतो म्हणून आणखी तापते. इंटरकूलरच्या तोंडाशी ती साधारण १२० अंशांवर पोचते. चांगला इंटरकूलर तिला ५० अंशांपर्यंत उतरवतो. म्हणजे सेकंदाला १५० ग्रॅम हवेतून ७० अंश काढायचे. याची किंमत होते साडेदहा किलोवॅट. खोली उबदार ठेवणारे पाच मोठे हीटर एकदम लावले तर जेवढी उष्णता निघेल, तेवढी हा जाळीदार डबा समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या हवाली करतो, म्हणजे अभिसरणाने बाहेर टाकतो.

आता प्रारणाचा वाटा. इंटरकूलरचा दर्शनी भाग ६० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर उंच समजू. पुढची आणि मागची बाजू मिळून पाव चौरस मीटरला थोडं कमी. आतल्या पंखांचं, म्हणजे फिन्सचं, क्षेत्रफळ याच्या कितीतरी पट असतं हे खरं. पण प्रारणाच्या दृष्टीने त्याचा उपयोग नाही. एका फिनमधून निघालेली उष्णता समोरच्या फिनवरच आपटते, आणि तीही तेवढीच गरम असते. घरातल्या घरात पैसे फिरवण्यासारखंच ते. बाहेर पडते ती फक्त दर्शनी चौकटीतून.

पृष्ठभागाचं सरासरी तापमान ७० अंश धरलं, तर निखळ काळी वस्तूसुद्धा ३० अंशांच्या परिसराला चौरस मीटरमागे सुमारे ३०० वॅटच देते. आपल्या चौकटीतून निघाले ७४ वॅट. हा आदर्श आकडा आहे, स्प्रे कॅनचा नव्हे. शिवाय न रंगवलेला इंटरकूलरही अगदी शून्य प्रारण करत नाही. फिन्समधल्या खोल फटी स्वतःच थोड्याफार काळ्या वस्तूसारख्या वागतात. उदार मनाने म्हणू, रंगामुळे ५० वॅट जास्त निघाले. साडेदहा हजार वॅटमध्ये पन्नास वॅट म्हणजे अर्धा टक्काही नाही. हवेच्या तापमानात हा फरक एक तृतीयांश अंश भरतो. ताकदीत? २०० अश्वशक्तीमागे ०.२. पाच ते दहा अंश सोडाच, अर्धा अंशही हाताला लागत नाही. आणि हा अनुकूल हिशेब आहे, कारण मागची बाजू थंड परिसराकडे पाहतच नाही. बहुतेक गाड्यांत इंटरकूलरच्या मागे एसीचा कंडेन्सर असतो आणि त्याच्या मागे ९० अंशांच्या आसपास तापलेला रेडिएटर. काळी पाठ तिकडून येणारी उष्णताही तितक्याच आनंदाने घेते.

दुसरा मुद्दा, सल्ल्यामागचा नियम, मला जास्त रंजक वाटतो: "चांगला शोषक तो चांगला उत्सर्जक," म्हणजे जो पृष्ठभाग प्रारण चांगलं शोषतो तो ते बाहेरही चांगलं टाकतो. वाक्य शंभर टक्के खरं आहे. गुस्ताव्ह किरखॉफने १८५९-६० मध्ये ते नियमात बसवलं. पण त्यात एक अट आहे, ती सल्ल्यातून गळते. नियम त्या-त्या तरंगलांबीपुरता आहे. आपल्या डोळ्यांना काळं दिसतं ते ०.४ ते ०.७ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रकाशात. सत्तर अंशांची वस्तू सर्वाधिक प्रारण करते ते आठ-साडेआठ मायक्रॉनच्या आसपास, खोल अवरक्तात, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये. तिथे काय चाललं आहे ते डोळ्यांना कळत नाही. त्या पट्ट्यात साधा पांढरा तैलरंगसुद्धा जवळजवळ काळाच असतो! त्याची उत्सर्जकता, म्हणजे निखळ काळ्या वस्तूच्या तुलनेत तो किती प्रारण करतो त्याचं प्रमाण, ०.९ च्या आसपास, काळ्या रंगाचीही तेवढीच.

हे नवं ज्ञान नाही. जॉन लेस्ली यांनी १८०४ मध्ये गरम पाणी भरलेला धातूचा घन घेऊन हे दाखवलं होतं. घनाची एक बाजू चकचकीत, एक काळी, एक पांढरी. पाणी एकच, तापमान एकच. चकचकीत बाजूतून उष्णता अगदी थोडी बाहेर पडते, काळ्या आणि पांढऱ्या बाजूंतून जवळपास सारखी. म्हणजे रंगवण्याने फरक पडतो, रंग कोणता याने पडत नाही. दाव्यात दम असता तर गुलाबी इंटरकूलरही तेवढाच थंड राहिला असता. तसा सल्ला मात्र कोणी देत नाही, यावरून मूळ ओढ कशाची आहे ते कळतं.

आता साक्षीदार. एसआर-७१ हे आवडतं उदाहरण. ते विमान काळं होतं, आणि तो रंग उष्णता बाहेर टाकायला मदत करत होता, हेही खरं. पण ते ध्वनीच्या तिप्पट वेगाने, २४ किलोमीटरच्या वर उडत असे. तिथे विमानाला तापवणारी गोष्टच मुळी समोरची हवा होती, त्यामुळे तिच्याकडून थंडाव्याची अपेक्षा करणं व्यर्थ. उरला एकच मार्ग, प्रारण. ते निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सियसमध्ये २७३ मिळवून येणाऱ्या) चौथ्या घाताने वाढतं. ३०० अंशांवरचा पृष्ठभाग ७० अंशांवरच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ आठपट प्रारण करतो. इंटरकूलरची परिस्थिती बरोबर उलटी आहे. हवा थंड, दाट आणि फुकट.

अवकाशाचं उदाहरण देणाऱ्यांची तर फजितीच होते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला वारा नाही, तिथे सगळी जादा उष्णता प्रारणानेच बाहेर टाकावी लागते. त्या स्थानकाचे रेडिएटर पांढरे आहेत. अवरक्तात उत्तम उत्सर्जक आणि सूर्यप्रकाश मात्र कमी शोषणारा, असा पांढरा रंग तिथे मुद्दाम निवडला आहे. काळ्या इंटरकूलरवर थेट ऊन पडलं तर आपले कमावलेले पन्नास वॅट त्या उन्हातच वाहून जाऊ शकतात. बंपरमागे ऊन फारसं पोचत नाही म्हणून ही भीती व्यवहारात छोटी आहे, पण फायदाही तेवढाच छोटा आहे.

हीट सिंकचं काय? पंखा नसलेल्या हीट सिंकला काळं अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवर विजेच्या मदतीने चढवलेला ऑक्साइडचा थर) खरोखर उपयोगी पडतं. स्थिर हवेत, आपोआप वर जाणाऱ्या वाऱ्याने जेवढी उष्णता जाते, जवळपास तेवढीच प्रारणानेही जाऊ शकते. मात्र पंखा लावला, किंवा गाडी वेगात पळवली, की वारा दहा-वीसपट पुढे निघून जातो आणि प्रारण मागे शेपटासारखं उरतं.

इथेच दाव्याच्या बाजूचा सगळ्यात चांगला युक्तिवाद येतो. तो हलक्यात घेऊ नये: "मग गाडी वाहतुकीत अडकल्यावर वारा नसतो, तेव्हा तरी काळा रंग कामाला येईल." बरोबर, वारा थांबला की प्रारणाचा वाटा वाढतो. पण गाडी उभी असताना इंजिन आयडलिंगवर असतं. बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, नाही, हवा दाबली जात नाही, म्हणजे इंटरकूलरला बाहेर टाकायला उष्णताच नाही. उलट रेडिएटर आणि बॉनेटखालचा गरम परिसर त्याला तापवत असतो. ज्याला 'हीट सोक' म्हणतात तो हाच प्रकार. अशा वेळी आजूबाजूच्या भागांपेक्षा इंटरकूलर थंड असतो, आणि प्रारणाची दिशा असते आतल्या बाजूला. काळा रंग तेव्हा पाहुण्या उष्णतेला दार उघडून देतो. इंजिनाच्या डोक्यावर बसवलेल्या इंटरकूलरला हे आणखी लागू पडतं.

"रेडिएटर काळे असतात" यावर फार वेळ घालवायला नको. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर गंजू नयेत आणि डाग दिसू नयेत म्हणून रंगवत. आजचे बरेचसे अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर मुळी रंगवलेलेच नसतात. नावात 'रेडिएट' असलं तरी त्यांचंही बहुतेक काम वाराच करतो. नावाने फसवलं, दुसरं काय.

दाव्याच्या विरोधकांचीही थोडी कानउघाडणी करायला हवी. "रंगवलात तर इंटरकूलरला गोधडी पांघरल्यासारखं होईल," असं ते म्हणतात. पातळ रंगाने तसं होत नाही. ५० मायक्रॉनचा थर उष्णतेला जो अडथळा करतो, तो फिन आणि हवा यांच्यात आधीच असलेल्या अडथळ्याच्या दोन-अडीच टक्के भरतो, आणि तोही जिथे रंग पोचला त्या पुढच्या थोड्या भागापुरता. खरा धोका वेगळा. फिन्सवर बारीक तिरप्या चिरा असतात, वाऱ्याचा थर मोडून नवा करत राहणं हे त्यांचं काम. जाड हाताने मारलेला रंग त्या चिरा बुजवतो आणि फिन्समधल्या एक-दोन मिलिमीटरच्या वाटा अरुंद करतो. प्रारणात मिळवलेलं अर्धा टक्का मग वाऱ्यात दुपटीने जाऊ शकतं.

शेवटचा मुद्दा अनुभवाचा: "आम्ही मोजलं, फरक पडला." मोजलं कशाने? इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं असेल तर तो आकडा बाजूला ठेवा. बंदुकीसारखा दिसणारा हा थर्मामीटर प्रारणावरून तापमान ठरवतो आणि उत्सर्जकता ०.९५ धरून चालतो. उघड्या अ‍ॅल्युमिनियमची उत्सर्जकता ०.१ च्या आसपास असेल, तर खरं तापमान ७० असताना ती ३५ दाखवू शकते. त्याच धातूवर रंग मारला की ती ७० च्या जवळ पोचते. धातूचं तापमान तेच, फक्त आता बंदुकीला ते दिसू लागलं. यावरून "बघा, रंगवल्यावर किती उष्णता बाहेर येते" असं म्हणणारे प्रामाणिक असतात, पण चकलेले असतात.

इंजिनाच्या स्वतःच्या सेन्सरवरून मोजलं असेल, तर प्रश्न दुसरा. रंगवण्याआधी इंटरकूलर काढला, धुतला, चेंगरलेल्या फिन्स सरळ केल्या, आतलं तेल काढलं, होय ना? वर्षानुवर्षं साचलेला चिखल आणि किडे गेल्यावर वारा मोकळा झाला, आणि श्रेय घेऊन गेला रंग. कोणाला खरंच तपासायचं असेल तर इंटरकूलर आधी धुऊन परत बसवा. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, इंजिनात शिरणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती गरम आहे ते दोन-तीनदा नोंदवा. मग रंगवा आणि तेच परत करा. दोन फेऱ्यांमधला नैसर्गिक चढउतारच एक तृतीयांश अंशापेक्षा मोठा निघेल.

पन्नास वॅटचा अंदाज यावा म्हणून एक तुलना. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २,४०० जूल घेऊन जातं. रंगाची सगळी कमाई पाण्याने करायची तर चार मिनिटांत पाच मिलिलिटर, चमचाभर पाणी इंटरकूलरवर वाफ व्हायला हवं. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआयच्या काही आवृत्त्यांत कारखान्यातूनच इंटरकूलरवर पाण्याचा फवारा दिला होता, तो काही उगाच नव्हे. आणि बंपर व इंटरकूलर यांच्यातल्या ज्या फटींतून वारा बगल देऊन निघून जातो, त्या फोमच्या पट्टीने बंद करणंही रंगापेक्षा कितीतरी फायद्याचं आहे.

ग्रिलमागे चमकणारी चांदी डोळ्यांना खुपते म्हणून काळा करायचा असेल, तर खुशाल करा. दोन्ही टोकांच्या टाक्या हव्या तशा रंगवा. मधल्या जाळीवर मात्र कॅन समोरून न धरता तिरका धरा, दुरून एकच उडता हात द्या, म्हणजे रंग फिन्सच्या कडांवर बसेल आणि आत शिरणार नाही.