सॅकला ताप

"काय ओ, तुमच्या सॅकला ताप आलाय."

गाडीने तळेगाव सोडलं होतं आणि मला नुकतीच डुलकी लागली होती. शेजारच्या काकांनी तळहाताची मागची बाजू माझ्या सॅकला लावून धरली होती, पोराचं कपाळ बघतात तशी. मीही हात लावला. ताप साधा नव्हता. आतून घूंऽऽ असा आवाज येत होता. समोरच्या बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं आणि पलीकडचा एक माणूस माझ्याकडे अशा नजरेने बघू लागला, की मी घाईघाईने डब्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणालो, "लॅपटॉप आहे हो, लॅपटॉप!"

चेन उघडली तर साजूक तुपाचा घमघमाट. जानेवारीतली थंडी. आईने मुंबईच्या बहिणीसाठी दिलेलं तूप सकाळी सहा वाजता दगडासारखं थिजलेलं होतं. आता ते पाण्यासारखं पातळ होऊन झाकणातून निघालं होतं आणि घडी करून ठेवलेल्या माझ्या मीटिंगच्या शर्टात मुरत होतं.

हे कुणाच्याही बाबतीत घडलं असतं तर मी हसलो असतो. पण मी पोटासाठी हेच काम करतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, कुठल्या उपकरणाला कधी झोपवायचं आणि कधी उठवायचं हे ठरवणारा कोड मी अकरा वर्षं लिहितोय. आणि मुंबईला निघालो होतो तेही, आम्ही बॅटरी किती छान वाचवतो हे गिऱ्हाइकाला दाखवायला.

"बंद न्हवता केला?" काकांनी विचारलं.

"झोपवला होता."

"झोपल्यालं घोरतं. तापत न्हाई."

काका विद्युत मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्याकडचे, आता लेकाकडे चिंचवडला. ही माहिती त्यांनी मी न विचारता दिली आणि मग मी न सांगता माझा लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला. मी सांगायला लागलो, की प्रत्येक उपकरणाच्या झोपेला पायऱ्या असतात. डी-झीरो म्हणजे टक्क जागं, तिथून उतरत डी-थ्रीपर्यंत. त्यात पुन्हा डी-थ्री हॉट आणि डी-थ्री कोल्ड.

"हॉट म्हंजी बटण बंद, आन् कोल्ड म्हंजी फ्यूज काढून खिशात," काका म्हणाले.

मी गप्प झालो. नव्या पोरांना हा फरक समजवायला माझ्याकडे बाणाबाणांच्या नऊ स्लाइड आहेत.

"पर झोपवायचं कवा, ते कोन ठरवतं?"

मी म्हणालो, मोजणी असते. ज्याला उपकरण वापरायचं त्याने आधी आकडा एकने वाढवायचा, काम झालं की एकने कमी करायचा. आकडा शून्यावर आला की त्याला झोपवायला हरकत नाही. लिनक्समध्ये ही पद्धत २००९ च्या डिसेंबरात, २.६.३२ या आवृत्तीत आली. राफाएल विसोत्स्की नावाच्या माणसाचं काम.

"परमिट!" काकांनी मांडीवर थाप मारली. लॅपटॉप त्यांच्याच मांडीवर होता, त्यामुळे ती त्यावर बसली. "आमचं परमिट हाय हे. खांबावर चढायचं तर आधी सबस्टेशनवरनं परमिट घ्यायचं. आपरेटर फीडर, म्हंजी त्या भागाची लाइन, बंद करतो, रजिस्टरला नाव लिवतो. तीन गँगांनी तीन परमिटं घेतली, तर तिन्ही परत आल्याबिगर फीडर चालू न्हाई करायचा. दोन आली, तिसरी लग्नाला गेली, तरी न्हाई."

"आमच्याकडे उलटं. परमिट परत आलं नाही, तर बंद करता येत नाही."

"ते आलं ध्येनात. पर घोटाळा त्योच की! आमचा एक गडी परमिट खिशात घालून घरी जेवायला गेला. जेवला. निजला. चार गावं अंधारात. सरपंच फोन करतोय, साहेब फोन करतोय, आन् आपरेटर म्हणतोय, सही आणा मगच चालू. शेवटी एक पोरगं सायकल घिऊन गेलं आन् त्याला उठवून, अंगात बनियन तशा सबस्टेशनला आणलं. सही केली, परत जाऊन निजला."

कामशेत गेलं. खरं सांगतो, मी निम्मं आयुष्य याच बनियनवाल्याच्या शोधात घालवलंय. कुणीतरी ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, लिहिताना आकडा वाढवतो, मध्येच काही चुकलं की घाईत परत फिरतो आणि कमी करायचं विसरतो. कार्ड रात्रभर जागं, बॅटरी सकाळी खलास, आणि बग माझ्या नावावर. आमच्याकडे सायकलवर पाठवायला पोरगंही नसतं.

काकांना आता चढ आला होता. कुणी आधी झोपायचं, कुणी नंतर, हेही त्यांनी विचारलं. मी म्हणालो, लेकरं आधी, मग पालक. यूएसबीला लावलेली वस्तू आधी झोपते, मग तिला धरून ठेवणारा कंट्रोलर. उठताना उलट, पालक आधी. समोरच्या बाई इतका वेळ संशयानेच बघत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "म्हणजे आईच की. सगळ्यात शेवटी आडवी, सगळ्यात आधी उभी." त्यावर त्यांचा मुलगा म्हणाला, "पण तू दुपारी झोपतेस," आणि तो विषय तिथेच संपला.

"बरं, मग ह्याला उठवलं कुनी?"

या प्रश्नाचीच मला भीती होती. लॉग उघडला. लॅपटॉप सकाळी सव्वासहाला झोपलेला. साडेसातनंतर यूएसबीच्या एका खाचेतून हाक आली आणि तो उठला. त्या खाचेत माझ्या वायरलेस माऊसचा नखाएवढा डोंगल, म्हणजे माऊसचे सिग्नल घेणारा तुकडा. या डोंगलची एक खोड असते. तो यंत्राला आपली ओळख नुसता माऊस म्हणून नाही, तर कीबोर्ड म्हणूनही करून देतो, आणि कीबोर्डला झोपलेल्या यंत्राला उठवण्याची मुभा आपण कर्नलवाल्यांनीच देऊन ठेवलेली. माऊस सॅकमध्ये चालूच राहिला होता. त्याच्या डाव्या बटणावर रेललेली होती तुपाची बाटली.

म्हणजे तुपाने लॅपटॉपला उठवलं आणि लॅपटॉपने तुपाला वितळवलं.

पुढचं माझंच पाप. रात्री कर्नल कंपाइल करायला, म्हणजे कोडमधून बांधून काढायला, लावला होता. झाकण लावलं तरी झोपू नकोस, रिकामा बसलास तरी झोपू नकोस, असं दोन्हीकडून बजावलेलं. सकाळी काम अर्धवट असतानाच कमांड देऊन झोपवला. झोपेत प्रोसेस मरत नाहीत, नुसत्या गोठतात, आणि उठल्या की जिथे थांबल्या तिथून पुढे. तेव्हा सॅकच्या अंधारात, शर्टाच्या घडीला टेकून, प्रोसेसरचे आठही कोअर जिवाच्या आकांताने वीज वाचवणारा कर्नल बांधत होते. बॅटरी ११ टक्के.

"मग पुरा बंद का न्हाई करत?" काका.

"चाळीस खिडक्या उघड्या असतात, काका. पुन्हा सगळं मांडायचं म्हणजे..."

"मग तापू द्या."

आता थोडं माझंही ऐका, कारण गाडीत कुणी ऐकलं नाही. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचं मानक आणलं. झोपवण्या-उठवण्याचा कारभार फर्मवेअरकडून, म्हणजे यंत्रातच बसवून आलेल्या प्रोग्रॅमकडून, ऑपरेटिंग सिस्टिमकडे. सुनेच्या हाती किल्ल्या आल्या, पण कुठली किल्ली कुठल्या कपाटाची, तो तक्ता अजून सासूच लिहिते, आणि चुकीचा लिहिते. तरी एस-थ्री नावाची एक सभ्य झोप होती. फक्त मेमरीला थेंबभर वीज, बाकी घर बंद. आता नव्या कित्येक लॅपटॉपांतून तीच काढून टाकलीय. का, तर फोनसारखं झोपेतही मेल यायला हवं. मला नकोय झोपेत मेल! मला जागेपणीही नकोय! तिच्या जागी जी झोप दिलीय तिच्यात यंत्र खरं बंद होतच नाही. प्रत्येक उपकरणाने आपापलं शहाण्यासारखं झोपायचं, आणि एक जरी टक्क जागं राहिलं तरी सगळ्यांच्या झोपेचं खोबरं. एस-थ्री असती तरी त्या डोंगलने उठवलंच असतं, हे मला कळतं. पण राग काढायला कुणीतरी लागतं, आणि तूप आईचं होतं.

लोणावळा आलं. काकांनी डोंगल उपसून माझ्या हातावर ठेवला, फ्यूज ठेवावा तसा. "खिशात घाला. आन् परमिट कुनाच्या नावावर हुतं?"

"माझ्याच."

"हं," म्हणाले आणि चिक्कीवाल्याला हाक मारायला खिडकीशी सरकले.

मीटिंगमध्ये मी तुपकट शर्टाऐवजी प्रवासातल्या टी-शर्टवर, भिंतीतल्या सॉकेटशेजारी जमिनीवर मांडी घालून बसलो आणि आमची बॅटरी किती टिकते ते सांगितलं. गिऱ्हाईक सभ्य होतं. चार्जरच्या वायरला अडखळूनही काही बोललं नाही. साहेब मात्र परतीच्या टॅक्सीत म्हणाले, "तुझा वास काय रे येतोय? शिऱ्याचा?"

संध्याकाळी बहिणीकडे गेलो. तिने बाटली उजेडात धरली. अर्ध्याच्या खाली होती.

"आईने एवढंच दिलं?"

मी हो म्हणालो.