‘स्त्रियांनाच राजकारण नको असते’ हा दावा तपासताना

‘मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क स्त्रियांना केव्हाच मिळाला आहे; तरीही त्या संसदेत कमी दिसतात, कारण त्यांनाच राजकारणाची आवड नाही, मतदारही त्यांना निवडून देत नाहीत, आणि राखीव जागांमुळे गुणवत्ता मात्र घसरेल,’ अशा आशयाचा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यातले एकही विधान पुराव्यापुढे टिकत नाही.

आवडीविषयी फार बोलण्याची गरज नाही. भारतात २०१९ आणि २०२४ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित अधिक होती.

मतदारांवरील ठपकाही अन्यायाचा आहे. २०२४ मध्ये उमेदवारांत स्त्रिया सुमारे दहा टक्केच होत्या. निवडून आलेल्या ५४३ खासदारांत मात्र त्या ७४, म्हणजे साडेतेरा टक्क्यांहून अधिक होत्या. पराभूत होणाऱ्या अपक्षांत पुरुषांचाच भरणा असल्यामुळे यातून मोठा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे, परंतु मतदार स्त्रियांना नाकारतात असे तर या आकड्यांवरून मुळीच म्हणता येत नाही.

खरा अडसर मतदानाच्या कितीतरी आधी, उमेदवारी वाटपाच्या वेळी उभा राहतो. ‘निवडून येण्याची क्षमता’ या निकषात पैसा, विद्यमान खासदाराचा दावा आणि वर्षानुवर्षे जोपासलेले कार्यकर्त्यांचे जाळे यांनाच वजन असते, आणि ही तिन्ही साधने आजवर बहुतांशी पुरुषांच्या हाती राहिली आहेत. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाने १९९७ च्या निवडणुकीसाठी काही मतदारसंघांत केवळ स्त्रियांमधूनच उमेदवार निवडला, तेव्हा तेथील स्त्री खासदारांची संख्या ६० वरून १२० वर गेली आणि त्यांपैकी १०१ त्याच पक्षाच्या होत्या. त्या वर्षी पक्षाची लाट होती हे खरे, पण लाटेचा लाभ उमेदवारी मिळालेल्यांनाच होतो. याउलट फ्रान्समध्ये समान उमेदवारीचा कायदा २००० मध्ये झाला, तरी २००२ मध्ये मोठ्या पक्षांनी सरकारी अनुदानातील कपात सोसली, पण पुरेशा स्त्रियांना उमेदवारी दिली नाही. परिणामी राष्ट्रीय सभेत स्त्रियांचे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपासच राहिले.

गुणवत्तेचा आक्षेप घेणारे आजची निवड गुणवत्तेवरच होते असे गृहीत धरतात. स्वीडनमध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षाने १९९० च्या दशकात उमेदवार यादीत स्त्री आणि पुरुष आळीपाळीने घेण्याचा नियम केला. त्याच्या नगरपालिका पातळीवरील परिणामांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा निवडून आलेल्या पुरुषांचीच सरासरी क्षमता वाढल्याचे आढळले, कारण जागा गमावल्या त्या प्रामुख्याने सुमार वकुबाच्या पुरुषांनी.